न्यूमोकॉकसजन्य रोग

स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिई (न्यूमोकॉकस) या सूक्ष्मजंतूच्या संसर्गामुळे होणाऱ्या रोगांचा समूह. न्यूमोनिया (फुप्फुसशोथ), मस्तिष्कावरणशोथ (मेंदूवरील आवरणांची दाहयुक्त सूज), जंतुरक्तता (रक्तप्रवाहात जंतू शिरून त्यांची वाढ होणे), मध्यकर्णशोथ (कानाच्या मधल्या भागाची दाहयुक्त सूज) आणि नासाकोटरशोथ (नाकाभोवतालच्या हाडांतील पोकळ्यांची दाहयुक्त सूज) हे या समूहातील प्रमुख रोग होत. रक्त, मस्तिष्क-मेरुद्रव किंवा परिफुप्फुस गुहा यांसारख्या एरव्ही जंतुरहित असणाऱ्या ठिकाणी हा जंतू आढळल्यास त्या रोगास ‘आक्रमक’ म्हणतात. मध्यकर्णशोथ, नासाकोटरशोथ आणि जंतू रक्तात न शिरता झालेला न्यूमोनिया यांस ‘अनाक्रमक’ म्हणतात.

हा रोग कोणत्याही वयात होऊ शकत असला, तरी त्याचा मुख्य भार आयुष्याच्या दोन टोकांवर पडतो. पहिल्या दोन वर्षांतील बालके आणि साठीपुढील वृद्ध यांच्यात तो वारंवार व तीव्र स्वरूपात आढळतो. ही दोन टोके परस्परांशी जोडलेली आहेत. लहान मुलाच्या नाकात निरुपद्रवीपणे वास करणारा जंतूच पुष्कळदा घरातील वृद्धाच्या फुप्फुसात पोहोचतो. त्यामुळे या रोगाच्या प्रतिबंधाचा विचार एका वयोगटापुरता करून भागत नाही.

इतिहास : लूई पाश्चर यांनी फ्रान्समध्ये आणि जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी अमेरिकेत १८८१ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे हा जंतू ओळखला. माणसाची लाळ सशांना टोचली असता त्यांच्या रक्तात जोडीजोडीने राहणारे गोलाणू दोघांनाही आढळले. त्यानंतरच्या पाच वर्षांत आल्बेर्ट फ्रेंकेल व आंटोन वाइक्‌सेलबाउम यांच्या संशोधनाने या जंतूचा न्यूमोनियाशी असलेला संबंध निश्चित झाला. क्रिस्टिआन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेली जंतुरंजनाची पद्धतही न्यूमोनियाने मरण पावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांचा अभ्यास करतानाच निघाली.

जंतूभोवतालच्या संपुटाची (आवरणाची) घडण सर्वत्र सारखी नसते, त्यामुळे या जंतूची अनेक प्ररूपे आहेत, हे विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेट नॉयफेल्ट यांच्या कार्यामुळे समजले. हे संपुट प्रथिनाचे नसून बहुशर्करेचे (पॉलिसॅकॅराइडाचे) असते, असे मायकेल हायडेलबर्गर व ऑस्वल्ड एव्हरी यांनी १९२३ मध्ये दाखविले. फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये संपुटविरहित जिवंत जंतू व उष्णतेने मारलेले संपुटयुक्त जंतू एकत्र करून उंदरांना टोचले, तेव्हा निरुपद्रवी जंतूंचे घातक जंतूंत परिवर्तन झाले. हे परिवर्तन घडविणारा पदार्थ डीएनए होय, हे एव्हरी, कॉलिन मॅक्‌लाउड व मॅक्लिन मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये सिद्ध केले. अशा रीतीने आनुवंशिकतेच्या रासायनिक आधाराचा शोध याच जंतूच्या अभ्यासातून लागला.

लसीचे प्रयत्नही जुने आहेत. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत नव्याने दाखल होणारे मजूर न्यूमोनियाने मोठ्या संख्येने दगावत असत. त्यांच्यावर ॲल्मरॉथ राइट यांनी १९११ मध्ये मृत जंतूंच्या लसीचा प्रयोग केला. परंतु प्ररूपांची नीट माहिती नसल्याने त्यातून निश्चित निष्कर्ष निघाला नाही. चार प्ररूपांच्या शुद्ध बहुशर्करांची लस मॅक्‌लाउड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी सैन्यातील सु. १७,००० जवानांच्या चाचणीत वापरली व तिची उपयुक्तता १९४५ मध्ये प्रसिद्ध केली. तथापि त्याच सुमारास पेनिसिलीन सर्वत्र मिळू लागल्यामुळे लसीची गरज उरली नाही असा समज झाला आणि हे काम मागे पडले.

हा समज चुकीचा असल्याचे रॉबर्ट ऑस्ट्रियन व जेरोम गोल्ड यांनी १९६४ मध्ये निदर्शनास आणले. रक्तात जंतू आढळलेल्या न्यूमोनियाच्या ज्या रुग्णांना पेनिसिलीन मिळाले होते, त्यांतीलही सु. १७% रुग्ण मरण पावले होते. विशेष म्हणजे आजाराच्या पहिल्या पाच दिवसांत होणाऱ्या मृत्यूंवर औषधाचा फारसा परिणाम दिसत नव्हता. यावरून उपचार कितीही चांगला असला, तरी काही रुग्णांच्या बाबतीत तो उशिराच पोहोचतो आणि अशा मृत्यूंवर प्रतिबंध हाच उपाय आहे, हे स्पष्ट झाले. पुढे १९७७ मध्ये १४ व १९८३ मध्ये २३ प्ररूपांची बहुशर्करा लस प्रचारात आली.

रोगकारक जंतू : हा जंतू भाल्याच्या पात्यासारखा किंचित टोकदार गोलाणू असून तो बहुधा जोडीने आढळतो. ग्रॅम रंजनक्रियेत तो जांभळा रंग टिकवून धरतो. रक्तमिश्रित संवर्धकावर त्याच्या निवहांभोवती (वसाहतींभोवती) हिरवट छटा दिसते. संपुट हे त्याचे मुख्य शस्त्र होय. शरीरातील भक्षिकोशिका (जंतूंना गिळून नष्ट करणाऱ्या पेशी) संपुटयुक्त जंतूला सहजासहजी पकडू शकत नाहीत. संपुटाविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात असल्यास मात्र ती जंतूला चिकटतात व भक्षिकोशिकांचे काम सुलभ होते. संपुटाच्या रासायनिक घडणीनुसार या जंतूची शंभरांहून अधिक प्ररूपे ज्ञात आहेत. एका प्ररूपाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याविरुद्ध बहुधा उपयोगी पडत नाहीत. मात्र गंभीर रोगांपैकी बहुतेक रोग थोड्याच प्ररूपांमुळे होतात, आणि लसनिर्मितीचा सारा आधार याच वस्तुस्थितीवर आहे.

वाहकावस्था व प्रसार : न्यूमोकॉकसाचा निसर्गातील एकमेव महत्त्वाचा आश्रय म्हणजे मानवाचे नाक व घसा. ज्या व्यक्तीच्या नाकाघशात जंतू असतो पण रोग नसतो, तिला वाहक म्हणतात. भारतासारख्या देशांत पुष्कळ अर्भके जन्मानंतर काही महिन्यांतच वाहक बनतात. एक प्ररूप काही आठवडे वा महिने टिकून नाहीसे होते व त्याची जागा दुसरे घेते. प्रौढांत वाहकांचे प्रमाण बरेच कमी असते. लहान मुलांच्या सतत सहवासात राहणाऱ्यांत ते अधिक आढळते. खोकणे, शिंकणे व निकटचा सहवास यांमुळे श्वसनमार्गातील स्रावाच्या सूक्ष्म थेंबांतून जंतूचा प्रसार होतो. दाटीवाटीची घरे, कोंदट हवा, पाळणाघरे, सैनिकी छावण्या व खाणकामगारांच्या वसाहती येथे प्रसार झपाट्याने होतो.

बहुतेक वाहकांना कधीच रोग होत नाही. विषाणूजन्य सर्दी किंवा इन्फ्ल्यूएंझा यांमुळे श्वसनमार्गाचे अस्तर दुखावले गेले, म्हणजे जंतूला खाली उतरण्यास वाव मिळतो. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या जागतिक साथीत झालेल्या मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यू विषाणूपेक्षा त्यामागून आलेल्या सूक्ष्मजंतुजन्य न्यूमोनियामुळे झाले व त्यांत न्यूमोकॉकसाचा वाटा मोठा होता, असे जतन केलेल्या फुप्फुसांच्या नमुन्यांवरून व तत्कालीन शवचिकित्सांच्या नोंदींवरून दिसून आले आहे. त्या साथीत मुंबई शहरात ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी ७६८ मृत्यूंची नोंद झाली होती.

पुढील अवस्थांत रोगाचा धोका वाढतो : (१) दोन वर्षांखालील किंवा साठ वर्षांवरील वय; (२) कमी जन्मवजन, कुपोषण व स्तनपानाचा अभाव; (३) प्लीहा (पाणथरी) काढून टाकलेली वा निकामी झालेली असणे; (४) मधुमेह, हृदय, यकृत, वृक्क (मूत्रपिंड) व फुप्फुसे यांचे जुनाट विकार; (५) धूम्रपान व अतिमद्यपान; (६) एचआयव्ही संसर्ग, कर्करोग किंवा प्रतिकारक्षमता दडपणारी औषधे. दात्रकोशिका पांडुरोगात (सिकल सेल रोगात) प्लीहा बालपणीच निकामी होत असल्याने अशा मुलांत हा संसर्ग काही तासांत प्राणघातक ठरू शकतो. महाराष्ट्रात विदर्भात व नंदुरबार जिल्ह्यात या पांडुरोगाचे प्रमाण लक्षणीय असल्यामुळे तेथे या मुद्द्याला विशेष महत्त्व आहे.

विकृतिविज्ञान : जंतू वायुकोशांत पोहोचल्यावर तेथील केशवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो व तो द्रवच जंतूंच्या वाढीस पोषक ठरतो. खंडीय न्यूमोनियात फुप्फुसाचा एक संपूर्ण खंड ओळीने चार अवस्थांतून जातो : रक्ताधिक्य, लाल घनीभवन, करडे घनीभवन व निवारण. घनीभूत झालेला खंड हवेऐवजी तांबड्या कोशिका, श्वेत कोशिका व फायब्रिन यांनी भरून जातो आणि यकृतासारखा घट्ट लागतो. तेवढ्या भागात प्राणवायूची देवाणघेवाण होत नाही. बरा झालेला रुग्ण बहुधा पूर्ववत होतो, कारण या रोगात फुप्फुसाच्या मूळ चौकटीचा सहसा नाश होत नाही. बालकांत व वृद्धांत मात्र एका खंडाऐवजी श्वासनलिकांभोवती विखुरलेले घनीभवन अधिक वेळा दिसते. परिफुप्फुसात द्रव साचणे, त्याचा पू होणे (पूयवक्ष), तसेच जंतू रक्तावाटे हृदयाची झडपा, सांधे व मस्तिष्कावरणे येथे पोहोचणे हे प्रमुख उपद्रव होत.

वयोगटानुसार स्वरूप : (अ) अर्भके व बालके : नवजात अर्भकास आईकडून मिळालेली प्रतिपिंडे काही महिन्यांत ओसरतात. बहुशर्करेविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडे बनविण्याची क्षमता मात्र दोन वर्षांच्या सुमारास विकसित होते. मधल्या काळात बालक अरक्षित राहते. खोकला, ताप, जलद श्वसन, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, दूध न पिणे व सुस्ती ही बालकांतील न्यूमोनियाची लक्षणे होत. ओठ निळे पडणे, आचके येणे वा बालक जागे न होणे ही अतिगंभीर चिन्हे समजावीत. मस्तिष्कावरणशोथ त्यामानाने विरळ असला, तरी तो अतिशय घातक असून त्यातून वाचलेल्या अनेक मुलांत बहिरेपणा, अपस्मार किंवा मानसिक वाढ खुंटणे असे कायमचे दोष राहतात. मध्यकर्णशोथ सौम्य मानला जातो. परंतु तो वारंवार झाल्यास श्रवणशक्ती मंदावते व त्याचा परिणाम बोलणे शिकण्यावर होतो.

(आ) प्रौढ : धडधाकट तरुणात रोगाचा आरंभ एकाएकी होतो. दात वाजविणारी थंडी, लगोलग चढणारा ताप, कुशीत सुरीने भोसकल्यासारखी वेदना व गंजाच्या रंगाचा कफ असे त्याचे ठरावीक स्वरूप असते. प्रतिजैव पदार्थ (अँटिबायॉटिके) उपलब्ध होण्यापूर्वी सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास घाम फुटून ताप एकदम उतरत असे किंवा रुग्ण दगावत असे.

(इ) वृद्ध : वार्धक्यात ही लक्षणे पुष्कळदा दिसत नाहीत. ताप नसतो किंवा अगदी थोडा असतो; खोकलाही जेमतेम असतो. अन्नावरची वासना उडणे, एकाएकी असंबद्ध बोलणे, अंथरुणातून न उठणे किंवा पडणे एवढ्यावरूनच रोगाची शंका घ्यावी लागते. वयोमानाने असे होणारच, असे समजून घरची माणसे थांबतात व मौल्यवान वेळ निघून जातो. मधुमेह वा हृद्‌विकार असलेल्या वृद्धात न्यूमोनियाच्या काळात हृदयक्रिया बंद पडण्याचा व हृद्‌स्नायूचा रक्तपुरवठा खंडित होण्याचाही धोका वाढतो. रोगातून वाचलेल्या अनेकांची पूर्वीची हिंडण्याफिरण्याची शक्ती परत येत नाही.

रोगभार : एका जागतिक अंदाजानुसार २०१६ मध्ये श्वसनमार्गाच्या खालच्या भागातील संसर्गांमुळे सर्व वयांत मिळून सु. २३.८ लाख मृत्यू झाले. त्यांपैकी सु. ६.५ लाख पाच वर्षांखालील बालकांचे, तर सु. १०.८ लाख सत्तरीपुढील वृद्धांचे होते. एकूण मृत्यूंपैकी सु. ११.९ लाख मृत्यूंचे कारण न्यूमोकॉकस हे होते. बालमृत्यूंचा स्वतंत्रपणे केलेला दुसरा अंदाज असा, की २०१५ मध्ये जगात या जंतूमुळे पाच वर्षांखालील सु. २.९४ लाख बालके (एचआयव्ही संसर्ग नसलेली) मरण पावली व त्यांपैकी सु. ६९,००० भारतातील होती. २००० ते २०१५ या काळात जागतिक बालमृत्यूंची ही संख्या निम्म्याहून खाली आली. लस, सुधारलेले पोषण व वेळेवर उपचार यांचा त्यात वाटा आहे. हे आकडे प्रतिकृतींवर आधारलेले अंदाज आहेत, हे लक्षात ठेवले पाहिजे. घरी झालेल्या मृत्यूत जंतू शोधला जात नाही व रुग्णालयातही रक्त घेण्यापूर्वी औषध सुरू झालेले असल्यास जंतू सापडत नाही. भारतातील वृद्धांविषयीची माहिती तर बालकांविषयीच्या माहितीहूनही तुटपुंजी आहे.

निदान : छातीच्या तपासणीत घनीभूत भागावर ठोकल्यास जड आवाज येतो व श्रवणनलिकेने नलिकीय श्वसनध्वनी ऐकू येतो. क्ष-किरण चित्राने निदान पक्के होते. जंतू ओळखण्यासाठी कफाचे ग्रॅम रंजन, रक्ताचे व मस्तिष्क-मेरुद्रवाचे संवर्धन आणि मूत्रातील प्रतिजनाची परीक्षा यांचा उपयोग करतात. मात्र मूत्रपरीक्षा बालकांत विश्वसनीय नसते, कारण केवळ वाहक असलेल्या निरोगी मुलातही ती अस्तिपक्षी येऊ शकते. बोटाला लावावयाच्या छोट्या उपकरणाने रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजता येते व रोगाची तीव्रता ताबडतोब समजते.

जेथे यांपैकी काहीच उपलब्ध नाही, तेथे श्वास मोजणे हा सर्वांत उपयुक्त मार्ग ठरला आहे. खोकला असलेल्या व शांत असलेल्या बालकाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखालील अर्भकात ६० वा अधिक, २ ते १२ महिन्यांच्या अर्भकात ५० वा अधिक आणि १ ते ५ वर्षांच्या बालकात ४० वा अधिक श्वास भरल्यास न्यूमोनियाची शक्यता धरून उपचार करावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे.

चिकित्सा : पेनिसिलीन गटातील औषधे आजही प्रमुख आहेत. घरी उपचार करता येण्याजोग्या बालकास तोंडाने ॲमॉक्सिसिलीन देतात; गंभीर रुग्णास रुग्णालयात शिरेवाटे औषध, प्राणवायू व द्रव देतात. मस्तिष्कावरणशोथात सेफ्ट्रिॲक्सोनासारखी औषधे वापरतात. पेनिसिलिनास दाद न देणारा जंतू १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियात व अनेक औषधांना एकाच वेळी दाद न देणारे जंतू १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आढळले. भारतातील सहा रुग्णालयांत १९९३ ते १९९७ या काळात केलेल्या पाहणीत (१९९९ मध्ये प्रसिद्ध) आक्रमक रोगाच्या जंतूंपैकी निम्म्याहून अधिक जंतू को-ट्रायमोक्साझोल या स्वस्त औषधाला दाद देत नसल्याचे दिसले. पेनिसिलिनास अंशतः दाद न देणाऱ्यांचे प्रमाण तेव्हा अत्यल्प होते. साध्या सर्दीखोकल्यावर प्रतिजैव पदार्थ घेणे व सुरू केलेला औषधक्रम अर्धवट सोडणे यांमुळे ही प्रतिरोधशक्ती वाढते.

गडचिरोलीतील प्रयोग : उपचार खेड्यापर्यंत वेळेवर पोहोचविता येतो का, या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर महाराष्ट्रातूनच मिळाले. अभय बंग, राणी बंग व त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेतील सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील ५८ गावांत निमवैद्यकीय कर्मचारी, गावातील आरोग्यसेवक व सुइणी यांना बालन्यूमोनिया ओळखण्याचे व को-ट्रायमोक्साझोल देण्याचे शिक्षण दिले. तुलनेसाठी ४४ गावे घेतली. अंक न येणाऱ्या सुइणींसाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मण्यांच्या ओळी असलेले श्वासमापक तयार करण्यात आले. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा व वाळू संपण्यापूर्वी लाल मणी आला, तर न्यूमोनिया समजायचा, अशी त्याची योजना होती. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचार केलेल्या ६१२ आजारांत मृत्यूचे प्रमाण ०.८% होते, तर तुलनेच्या गावांत ते १३.५% होते. पाच वर्षांखालील दर हजार बालकांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू अनुक्रमे ८.१ व १७.५ होते. यातील सर्वच न्यूमोनिया न्यूमोकॉकसामुळे झालेले नसणार. परंतु गावातच राहणारी व पहिल्याच दिवशी भेटणारी प्रशिक्षित व्यक्ती किती जीव वाचवू शकते, हे त्यावरून सिद्ध झाले. त्या वेळी वापरलेल्या औषधाची जागा आता ॲमॉक्सिसिलिनाने घेतली आहे. भारत सरकारने २०१९ मध्ये सुरू केलेल्या ‘सांस’ या मोहिमेत आशा कार्यकर्तीने संशयित बालकास या औषधाची पहिली मात्रा देऊन रुग्णालयाकडे पाठवावे, अशी तरतूद आहे.

प्रतिबंध : पहिले सहा महिने केवळ स्तनपान, पुरेसे पोषण, गोवर, डांग्या खोकला व हीमोफायलस इन्फ्ल्यूएंझी-बी यांविरुद्ध लसीकरण, हात धुणे, घरात खेळती हवा व धूम्रपानवर्जन हे सामान्य उपाय होत. चुलीच्या धुराचा बालन्यूमोनियाशी संबंध अनेक पाहण्यांत आढळला आहे. मात्र केवळ इंधन बदलल्याने रोग कमी होतो, असे अलीकडील चाचण्यांत दिसून आलेले नाही. विशिष्ट उपाय म्हणजे लस होय. तिचे दोन प्रकार आहेत.

(१) बहुशर्करा लस : हिच्यात २३ प्ररूपांची शुद्ध संपुटद्रव्ये असतात. प्रौढांत ती आक्रमक रोगापासून संरक्षण देते. परंतु दोन वर्षांखालील बालकांत निष्प्रभ ठरते. शिवाय तिच्यामुळे दीर्घकालीन प्रतिकारस्मृती निर्माण होत नाही व नाकातील जंतूंचे वास्तव्यही थांबत नाही.

(२) संयुग्मी लस : बहुशर्करेचा रेणू एखाद्या वाहक प्रथिनाशी रासायनिक बंधाने जोडला, म्हणजे अर्भकाची प्रतिकारयंत्रणाही त्याला ओळखते व स्मृती टिकते. सात प्ररूपांची अशी पहिली लस २००० मध्ये अमेरिकेत वापरात आली. पुढे १०, १३, १५, २० व २१ प्ररूपांच्या लसी निघाल्या. या लसीमुळे नाकातील जंतूही कमी होतात. परिणामी अमेरिकेत बालकांना लस देऊ लागल्यावर काही वर्षांतच लस न घेतलेल्या वृद्धांतील आक्रमक रोगही घटला. बालकास दिलेली लस आजीआजोबांचेही रक्षण करते, हा या अनुभवाचा अर्थ होय. त्याला मर्यादाही आहेत. लसीत नसलेली प्ररूपे हळूहळू रिकाम्या जागा व्यापतात. १९ए हे प्ररूप याच रीतीने पुढे आले व नंतरच्या लसींत त्याचा समावेश करावा लागला.

वृद्धांना प्रत्यक्ष लस दिल्यास काय होते, याची नेदर्लंड्‌समध्ये ६५ वर्षांवरील सु. ८४,५०० व्यक्तींवर चाचणी झाली. १३ प्ररूपांच्या संयुग्मी लसीने लसीतील प्ररूपांमुळे होणारा न्यूमोनिया सु. ४६% व आक्रमक रोग ७५% कमी झाला (२०१५). वृद्धांना व जोखमीचे विकार असलेल्या प्रौढांना २० वा अधिक प्ररूपांच्या संयुग्मी लसीची एकच मात्रा देतात. अथवा १३ वा १५ प्ररूपांची लस देऊन सामान्यतः एका वर्षाने २३ प्ररूपांची बहुशर्करा लस देतात. प्लीहा काढण्याची शस्त्रक्रिया पूर्वनियोजित असल्यास लस किमान दोन आठवडे आधी देणे इष्ट असते. टोचलेल्या जागी दुखणे व अल्पसा ताप यांपलीकडे बहुधा त्रास होत नाही.

भारतातील लसीकरण : राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात संयुग्मी लसीचा समावेश २०१७ मध्ये हिमाचल प्रदेश आणि बिहार व उत्तर प्रदेश यांच्या काही भागांत झाला. पुढे आणखी काही राज्ये त्यात आली व २०२१ मध्ये महाराष्ट्रासह संपूर्ण देशात ती लागू करण्यात आली. सहाव्या व चौदाव्या आठवड्यांत प्रत्येकी एक व नवव्या महिन्यात वर्धक अशा तीन मात्रा विनामूल्य दिल्या जातात. या विस्तारास लसीच्या किंमतीचा मोठा अडथळा होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेने ‘पाथ’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने दहा प्ररूपांची ‘न्यूमोसिल’ ही अल्पमोली लस तयार केली. तिला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता डिसेंबर २०१९ मध्ये मिळाली व डिसेंबर २०२० मध्ये ती भारतात उपलब्ध झाली. पूर्वी उल्लेखिलेल्या सहा रुग्णालयांच्या पाहणीत १ व ५ या प्ररूपांचा वाटा २९% होता. पाश्चात्त्य देशांसाठी बनविलेल्या पहिल्या लसीत ही दोन्ही प्ररूपे नव्हती, न्यूमोसिलमध्ये ती आहेत. प्रौढांची लस मात्र राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट नाही. ती ज्याने त्याने स्वखर्चाने घ्यावयाची असते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात : ही उणीव कोठे जाणवते, हे रत्नागिरी जिल्ह्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ असून ती २००१ च्या तुलनेने सु. ४.८% घटली होती. दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या व सु. ८४% लोक खेड्यांत राहत होते. कमावत्या वयाचे पुरुष मुंबईस जाण्याची दीर्घ परंपरा या आकड्यांत दिसते. मागे गावी पुष्कळदा वृद्ध मातापिता राहतात. गणेशोत्सवात व शिमग्यास चाकरमानी मुलाबाळांसह घरी येतात. तेव्हा शहरातील दाट वस्तीत वाढणारी बालके व वर्षभर एकटे राहिलेले वृद्ध काही दिवस एका छपराखाली येतात. जंतूच्या प्रसारास अनुकूल अशी ही परिस्थिती आहे, आणि गणेशोत्सव तर पावसाळ्यात, सर्दीखोकल्याच्या दिवसांतच येतो.

येथील गावे डोंगरउतारांवरील एकमेकींपासून दूर असलेल्या वाड्यांत विखुरलेली आहेत. मुसळधार पावसात वाडीवरून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचणे कठीण होते, आणि गंभीर रुग्णास पुष्कळदा त्यापुढे जिल्हा रुग्णालयात किंवा घाट ओलांडून कोल्हापुरास न्यावे लागते. पहिल्या काही दिवसांतच निकाल लावणाऱ्या रोगात हे अंतर निर्णायक ठरते. म्हणून अशा प्रदेशात तीन गोष्टी आवश्यक ठरतात. पहिली, नवव्या महिन्याची वर्धक मात्रा चुकू न देणे. मुंबई व गाव यांच्यात ये-जा करणाऱ्या कुटुंबांनी लसीकरणपत्रक जवळ बाळगल्यास कोणत्याही शासकीय केंद्रावर पुढील मात्रा घेता येते. आंबाबागांतील व मासेमारी बंदरांवरील हंगामी मजुरांच्या बालकांचाही यात समावेश झाला पाहिजे. दुसरी, श्वास मोजण्याचे ज्ञान प्रत्येक वाडीत असणे. तिसरी, मधुमेह, दमा वा हृद्‌विकार असलेल्या वृद्धास लस देण्याचा विचार आजारपण येण्यापूर्वी करणे व त्याच्या एकाएकी झालेल्या असंबद्ध बोलण्यास किंवा अन्न सोडण्यास म्हातारपण न समजता त्याच दिवशी वैद्यास दाखविणे. बालकांच्या लसीकरणाने वृद्धांना मिळणारे अप्रत्यक्ष संरक्षण उपयुक्त असले, तरी अपुरे आहे. कारण ते लसीतील प्ररूपांपुरतेच मर्यादित असते आणि सभोवतालच्या बहुतेक बालकांनी लस पूर्ण केली असेल, तरच मिळते.